दुखण्याच्या मागोमाग : लोकबिरादरी प्रकल्पाची पन्नास वर्षे

२३ डिसेंबर २०२३ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात हेमलकशाविषयी महाराष्ट्रात आणि बाहेर भरपूर लिहिले गेले. त्यातला बहुतेक भर एका डॉक्टर दांपत्याच्या त्यागावर आहे. तो त्याग खरा आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. पण त्यागाने संस्था सुरू होते. ती पन्नास वर्षे का टिकली, याचा उलगडा त्यातून होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात चांगल्या हेतूने आलेल्या कितीतरी योजना दोन-चार पावसाळ्यांत विरून गेल्या. हे काम विरले नाही, त्याचे माझ्या मते मुख्य कारण असे की इथे आलेल्यांजवळ इरादा होता, पण तयार आराखडा नव्हता. दारात जे दुखणे आले त्यावर उपचार करायचे, त्या दुखण्यामागे जे कारण दिसेल त्याच्याकडे मग वळायचे, अशा क्रमाने हे काम वाढले. दवाखाना, शाळा, प्राण्यांचे अनाथालय, तलाव ही त्या क्रमातली एकामागून एक आलेली पावले आहेत. प्रकल्पाचा इतिहास त्याच क्रमाने सांगायला हवा, आणि वेळोवेळी घेतल्या गेलेल्या आक्षेपांना सामोरे जात सांगायला हवा.

१९७० ते १९८० : भामरागडचे जंगल

या संस्थेचे मूळ वरोड्याला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये कुष्ठरुग्णांसाठीच्या आनंदवनाचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. सत्तरीच्या उंबरठ्यावर आनंदवन स्वतःच्या पायावर उभे होते, मूल गावाजवळ सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला होता. अशा वेळी बाबांनी भामरागडचा मुलूख पाहिला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिरोंचा तहसिलीत मोडत असे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचे हे जंगल पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे जगापासून तुटलेले असे. इथले माडिया गोंड पावसाच्या भातावर, मोहावर, शिकारीवर आणि जंगलातल्या कंदमुळांवर जगत. मूठभर मिठासाठी व्यापारी त्यांच्याकडून मापाने चारोळी घेऊन जात. जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता, सागवान त्याहून दूर जात होते. त्या बदल्यात रस्ता, शाळा किंवा दवाखाना मात्र या बाजूला येत नव्हता. चंद्रपूर जिल्ह्याच्या संपत्तीचा हिशेब मांडताना त्यातला हा भाग आजही पुरेसा मांडला जात नाही.

शासनाने हेमलकशाला सुमारे पन्नास एकर जमीन दिली आणि १९७३ च्या डिसेंबरात काम सुरू झाले. पहिल्या झोपड्या उभारण्यासाठी आणि जागा वावरण्याजोगी करण्यासाठी आनंदवनातून कार्यकर्ते आले. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसेही त्यांत होती. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले होते, त्यांनी दुसऱ्या एका दुर्लक्षित समाजासाठी आपले हात लावले. संस्थेच्या पायाभरणीची ही बाजू कोणत्याही गौरवग्रंथात पहिल्या पानावर यायला हवी. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे तेव्हा नागपूरला शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते अर्धवट सोडून १९७४ मध्ये ते आणि भूलतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले. विलास मनोहर व्यवसाय सोडून आले. बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांची मानसकन्या रेणुका या कामात उतरली. गोपाळ फडणीस यांच्यासारखे शिक्षक आले. ज्यांची नावे कुठे छापली गेली नाहीत असे स्वयंपाकी, गवंडी, परिचर, वाहनचालक आणि माडिया तरुण तर कितीतरी होते. दीड दशकाहून अधिक काळ इथे वीज नव्हती. माणसामाणसांत मतभेद झाले असतील आणि मिटलेही असतील. कामाच्या रेट्यापुढे ते मोठे झाले नाहीत.

पहिला मोठा प्रश्न औषधांचा नव्हता, विश्वासाचा होता. कपडे घातलेला परका माणूस म्हणजे वनखात्याचा, पोलिसांचा किंवा व्यापाऱ्याचा माणूस, असा माडियांचा अनुभव होता आणि तो अनाठायी नव्हता. त्यामुळे माणसे दवाखान्याकडे फिरकत नसत, गावात गेले तर पळून जात. इथे संस्थेने दोन गोष्टी केल्या. डॉक्टर आणि सहकारी माडिया भाषा शिकले. आणि पुजाऱ्याशी भांडण काढले नाही. पुजाऱ्याच्या उपायांनी गुण आला नाही की शेवटचा इलाज म्हणून रुग्ण इथे आणला जायचा. त्यातला एखादा मेंदूच्या हिवतापातून उठून घरी चालत गेला की त्याच्या गावातून पुढचा रुग्ण येई. रुग्णासोबत सगळे घर येई, झाडाखाली चूल मांडी आणि बरे होईपर्यंत तिथेच राही. उपचार विनामूल्य होते, पण रुग्णाला त्याच्या माणसांपासून तोडून खाटेवर एकटे टाकले नाही, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. ज्या समाजात आजारपण सगळ्या घराचे असते तिथे भेटीच्या वेळा लावणारा दवाखाना चाललाच नसता. डॉ. प्रकाश यांनी पुढे अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच वेश ठेवला तोही याच विचारातून: समोरच्या माणसाच्या अंगावर वस्त्र नसताना आपण पूर्ण पोशाखात वावरायचे नाही.

या टप्प्यावर वैद्यकीय बाजूने एक आक्षेप घेता येतो. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण न केलेला डॉक्टर पुस्तके वाचून शस्त्रक्रिया करतो, कंदिलाच्या उजेडात करतो, हे कितपत योग्य? शहरात हे योग्य ठरले नसते, हे मान्यच करायला हवे. पण अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस, झाडावरून पडून हाड मोडलेला मोह वेचणारा, दोन दिवस अडलेली बाळंतीण यांच्यापुढे तेव्हा दुसरा पर्याय कोणता होता? आलापल्लीपर्यंतचे साठेक किलोमीटर जंगलच ओलांडायला दिवस लागत, चंद्रपूर त्याच्याही पुढे. पावसाळ्यात तर नद्या ओलांडताच येत नसत. अशा ठिकाणी योग्य-अयोग्याची तुलना आदर्श रुग्णालयाशी करून चालत नाही. उपचार न झालेल्या रुग्णाशी करावी लागते. डॉ. मंदाताईंकडे भूलशास्त्राचे रीतसर शिक्षण होते, त्यामुळे अवघड प्रसंगी निदान एक बाजू भक्कम होती. १९७५ च्या सुमारास स्विसएड या संस्थेच्या मदतीने रुग्णालयाची छोटी इमारत उभी राहिली आणि झोपडीतला दवाखाना पक्क्या छताखाली आला.

१९७६ नंतर : शाळा आणि अनाथालय

दवाखान्यात येणारी दुखणी पाहता पाहता त्यांच्यामागचे कारण दिसू लागले. तोच हिवताप, तेच कुपोषण, त्याच जखमा पुन्हा येत. बरा होऊन गेलेला माणूस व्यापाऱ्याच्या मापाला आणि साहेबाच्या कागदाला पुन्हा बळी पडे, कारण त्याला मोजता आणि वाचता येत नव्हते. म्हणून १९७६ मध्ये लोकबिरादरी आश्रमशाळा सुरू झाली. सुरुवातीला मुले मिळवणे कठीण, टिकवणे त्याहून कठीण. कितीतरी मुले रानातून वाट काढत घरी पळून जात. शिक्षकाला माडिया येत नसेल तर पहिलीचा वर्गच होऊ शकत नसे, कारण मुलांना मराठी कळत नव्हते.

आश्रमशाळेवरचा आक्षेप मला या सगळ्यांत सर्वांत वजनदार वाटतो. मुलाला सहाव्या-सातव्या वर्षी घरापासून तोडून वसतिगृहात आणले की त्याची भाषा, गोटूल हे तरुणांचे सामुदायिक घर, रानाचे ज्ञान आणि आईबापांशी असलेले नाते यांवर घाव बसतो. जगभर आदिवासी मुलांच्या निवासी शाळांनी असे घाव घातले आहेत. कॅनडातल्या तशा शाळांबद्दल तिथल्या सरकारला जाहीर माफी मागावी लागली. लोकबिरादरीलाही हा आक्षेप लागू पडतोच. तो सौम्य कशामुळे होतो ते पाहायला हवे. त्या परदेशी शाळा मुलाच्या भाषेला शत्रू मानत. इथे ती भाषा मोठ्यांनी शिकली. तिथे पालकांच्या भेटींवर निर्बंध असत. इथे पालक दवाखान्यात येतच असत, आणि शाळा व दवाखाना एकाच आवारात होते. आणि सर्वांत मोठा पुरावा मुले कुठे गेली याचा आहे. या शाळेतून शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, डॉक्टर आणि वकील झाले. त्यांतले बरेच जण परत याच भागात आले. ॲड. लालसू नोगोटी याच शाळेत शिकले, पुण्यात उच्च शिक्षण घेऊन भामरागडला परतले, ग्रामसभांच्या हक्कांसाठी उभे राहिले आणि जिल्हा परिषदेवर निवडून गेले. कायद्याची भाषा आणि माडिया भाषा या दोन्हींत बोलू शकणारा माणूस तयार होणे हे या शाळेचे फळ आहे. तरीही घरापासून लहानपणीच दूर राहण्याची किंमत मुलांनी दिली आहे. ती शून्य आहे असे कोणी म्हणू नये.

प्राण्यांच्या अनाथालयाची हकीकतही त्याच क्रमात बसते. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिचे पिल्लू तिला बिलगलेले होते. ते पिल्लू मागून घेतल्यापासून या कामाला सुरुवात झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला होता. पण ज्यांच्या ताटात दुसरे काही नाही त्यांना कायदा दाखवून शिकार थांबत नाही. संस्थेने वेगळा व्यवहार केला: पिल्ले मारू नका, आमच्याकडे आणा, त्याबदल्यात धान्य घ्या. बिबटे, अस्वले, हरणे, साळिंदर, मगरी, साप असे कितीतरी जीव त्यातून वाचले. वन्य प्राणी पिंजऱ्यात ठेवण्याला आक्षेप घेणारे निसर्गप्रेमी चुकीचे नाहीत; जंगलात जन्मलेल्या जीवाची जागा जंगलच. पण आईविना वाढलेले बिबट्याचे पिल्लू जंगलात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे, किंवा पुढे एखाद्या गावाच्या वाटेवर आणून सोडणे. अनाथालयाने शिकार बंद केली असा दावा करता येणार नाही. शिकारीची गरज कमी झाली ती शेती सुधारली आणि हाताला काम मिळाले म्हणून. मात्र पिल्लू वाचवण्यासारखे असते ही जाणीव या व्यवहारातून रुजली.

१९८० ते १९९० : जिल्हा वेगळा झाला

१९८० पासून नक्षलवादी दले प्राणहिता ओलांडून या जंगलात येऊ लागली आणि पुढची चार दशके इथल्या माणसाच्या डोक्यावर दोन्हीकडच्या बंदुका राहिल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कागदोपत्री राज्यकारभार जवळ आला, भामरागडला तो पोहोचायला मात्र आणखी बराच काळ गेला. या वर्षांत संस्थेने कुणाचाही पक्ष घेतला नाही. दवाखान्याचे दार जखमी माणसासाठी उघडे होते, मग तो कोणीही असो. काहींना ही भूमिका गुळमुळीत वाटली. पण रुग्णाला आधी त्याचे राजकारण विचारणारा दवाखाना त्या मुलखात वर्षभरही टिकला नसता, आणि टिकला असता तरी लोक तिथे आले नसते.

याच दशकात इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम आणि गोदावरीवरच्या इचमपल्ली धरणांच्या योजना आल्या. त्या झाल्या असत्या तर या भागातली गावे आणि जंगल पाण्याखाली गेले असते. बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले आणि ती धरणे झाली नाहीत. दवाखान्याने मिळवलेला विश्वास नसता तर माडिया माणसे एवढ्या संख्येने कुणाच्या हाकेला उठली असती का, याची मला शंका आहे.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीजवळ 'सर्च' संस्था सुरू केली. त्यांनी गावातल्या बाईला प्रशिक्षण देऊन नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती जगापुढे मांडली. त्यामुळे एक तुलना सतत होते. हेमलकशाने एवढे रुग्ण पाहिले, पण त्यातून धोरण बदलणारे संशोधन दिले नाही. ही तुलना काही अंशी न्याय्य आहे. पन्नास वर्षांच्या नोंदींतून हिवताप, सिकलसेल, सर्पदंश आणि प्राण्यांच्या हल्ल्यांविषयी बरेच शिकता आले असते आणि संस्थेने ते काम पुढे करायला हवे. पण दोन संस्थांच्या वाटा वेगळ्या होत्या. 'सर्च'ने प्रश्न मोजून उत्तर शोधले आणि ते देशभर गेले; हेमलकशाने एका मुलखात राहून तिथल्या माणसाला दार उघडे ठेवले. जिल्ह्याला दोन्हींची गरज होती, आणि दोन्ही काम एकाच संस्थेने केले असते असे मानणे अवास्तव आहे.

१९९० ते २००० : वीज आणि बाहेरचे जग

या दशकात वीज आली, रस्ते थोडे सुधारले, शाळा वरच्या वर्गांपर्यंत पोहोचली. १९९५ मध्ये मोनॅको या छोट्या युरोपीय देशाने प्रकाश व मंदा आमटे यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. १९९६ मध्ये आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा आला आणि ग्रामसभेला कागदावर तरी अधिकार मिळाले. त्या कागदाचा अर्थ लावू शकणारी पहिली पिढी तोवर शाळेतून बाहेर पडू लागली होती.

२००० ते २०१० : सन्मान आणि दुसरी पिढी

२००२ मध्ये डॉ. प्रकाश आमटे यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २००८ मध्ये बाबा गेले आणि त्याच वर्षी प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना सामुदायिक नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना मॅगसेसे पुरस्कार १९८५ मध्ये मिळाला होता. 'प्रकाशवाटा' या आत्मकथनाने हेमलकसा मराठी घराघरांत पोहोचले. पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या, देणग्या वाढल्या, स्वयंसेवक वाढले.

याच काळात डॉ. दिगंत आणि अनिकेत ही आमटे घरातली पुढची पिढी कामात उतरली, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अनघा आल्या, शिक्षणाच्या बाजूला समीक्षा आमटे आल्या. साहजिकच एक प्रश्न विचारला जाऊ लागला: ही संस्था आहे की घराणे? प्रश्न विचारणाऱ्यांना उडवून लावू नये. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत नेतृत्व एकाच घरातून येत असेल तर तपासणी कडकच असावी. पण वस्तुस्थिती अशी की भामरागडला कायम राहायला तयार असणारे तज्ज्ञ डॉक्टर शासनालाही मिळत नव्हते. नेमणूक झाली तरी बदलीचा अर्ज आधी जाई. ज्याचे बालपण इथे गेले, ज्याला माडिया आईच्या भाषेसारखी येते, त्याने इथेच राहणे यात रुग्णाचा फायदा आहे. घराण्याच्या आक्षेपाला खरे उत्तर मात्र या घरातून मिळणार नाही. ते माडिया समाजातून आलेल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी संस्थेत किती जबाबदाऱ्या घेतल्या यावरून मिळेल. त्या दिशेने पावले पडली आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांत ती अधिक वेगाने पडावीत, ही अपेक्षा इथेच नोंदवायला हवी.

२०१० नंतर : पाणी, नेलगुंडा आणि शासन

२०१४ मध्ये समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेला 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' हा चित्रपट आला. त्या प्रसिद्धीपेक्षा याच दशकातल्या दोन कामांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. पहिले नेलगुंडा. भामरागडच्याही आत असलेल्या या गावात २०१५ मध्ये साधना विद्यालय सुरू झाले. आश्रमशाळेत मुलाला शाळेकडे यावे लागे. इथे शाळा मुलाच्या वस्तीकडे गेली. वसतिगृहाच्या आक्षेपाला संस्थेने दिलेले हे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. दुसरे काम तलावांचे. पाऊस भरपूर, पण उन्हाळ्यात गावात पाणी नाही आणि भाताचे एकच पीक, ही या भागाची जुनी अडचण. ग्रामसभेने जागा ठरवायची, गावाने श्रम द्यायचे, संस्थेने यंत्रे आणि पैसा उभा करायचा, अशा पद्धतीने तलाव खोदले गेले. कुपोषणाच्या रुग्णांमागचे कारण शोधत शोधत संस्था दवाखान्यातून शेताच्या बांधापर्यंत पोहोचली.

आता शेवटचा आणि मोठा आक्षेप. रस्ता, दवाखाना, शाळा, पाणी ही शासनाची कामे. संस्थेने ती अंगावर घेतली म्हणून शासन मोकळे झाले, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि देणगीदारांच्या कौतुकात ते हरवू नये. पण भामरागड तालुक्यात आज जे दिसते ते उलटेही आहे. हेमलकशापासून तीन किलोमीटरवर भामरागडला ग्रामीण रुग्णालय आहे, लाहेरी आणि आरेवाड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. लोकांना चांगला दवाखाना कसा असतो ते ठाऊक झाल्यावर त्यांनी तो शासनाकडेही मागितला. आश्रमशाळा शासनाच्या अनुदानावर चालते, म्हणजे शासन तिथे जबाबदारीतून बाहेर पडलेले नाही. संस्थेने शासनाची जागा घेतली असती तर मागणी थंडावली असती. शाळेतून शिकलेली मुले ग्रामसभेत उभी राहून वनहक्कांचे दावे मांडतात तेव्हा ती वाढल्याचेच दिसते.

आज रुग्णालय वर्षाला हजारो रुग्ण पाहते. छत्तीसगडच्या अबुझमाडमधूनही माणसे जंगल ओलांडून येतात. अस्वलाच्या जखमा अजून येतात, सर्पदंश येतात, हिवताप येतो. त्यांच्याबरोबर आता रक्तदाब, मधुमेह आणि रस्ते झाल्यामुळे होणाऱ्या दुचाकींच्या अपघातांचे रुग्णही येऊ लागले आहेत. दुखणी बदलत आहेत, तेव्हा पुढचे कामही बदलेल. सूरजागडच्या लोहखनिजाने जिल्ह्याचे अर्थकारण बदलते आहे. भामरागडच्या तरुणांना त्यात मजुरी मिळेल की वाटा, हा प्रश्न ग्रामसभांपुढे आणि म्हणून संस्थेपुढेही आला आहे.